बस्त्याच्या पोटातला इस्तो

आमच्या अभिलेख कक्षाला लागलेली आग वर्तमानपत्रात यावी एवढी मोठी नव्हती. मे महिन्यातला दुसरा शनिवार होता आणि कार्यालय बंद होते. घरी जाताना मेन स्विच बंद करण्याची पद्धत आमच्याकडे कधीच नव्हती. छताच्या पंख्याकडे जाणाऱ्या वायरीचे आवरण उंदरांनी कुरतडले होते आणि ठिणगी तिथूनच पडली असावी, असे पुढे पंचनाम्यात लिहिले गेले. कोतवालाला खिडकीतून धूर दिसला. नगर परिषदेचा बंब बत्तीस किलोमीटरवरून यायचा होता. तो येईपर्यंत आजूबाजूच्या लोकांनी बोअरच्या नळीने आणि बादल्यांनी मिळेल तेवढे पाणी आत मारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे बस्ते, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, अंगणात मांडले. वरून काळवंडलेला, पण घट्ट बांधलेला एक बस्ता वृद्ध कोतवालाने हातात घेतला, त्यावर तळहात ठेवला आणि तो म्हणाला, "मॅडम, याच्या पोटात अजून इस्तो हाये." इस्तो म्हणजे विस्तव. मी तरीही गाठ सोडायला सांगितली, आणि ती माझी चूक होती. फडके उलगडून आत वारा शिरताच पानांच्या कडा लाल झाल्या आणि आमच्या डोळ्यांदेखत अर्धा बस्ता गेला. आमच्या भागात जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. कापसाच्या गाठीत शिरलेली ठिणगी आतल्या आत सरकत राहते आणि गाठ फोडली की भडकते, हे त्याला ठाऊक असते. कागदाचा बस्ताही तसाच जळतो, हे मला एकोणीस वर्षे अभिलेख शाखेत काढल्यावर त्या सकाळी कळले.

त्या आगीत अकरा गावांची कोतवाल बुके गेली. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की गावातले जन्म आणि मृत्यू कोतवालाच्या तोंडून ज्या पंजीत नोंदले जात, तिला आमच्याकडे कोतवाल बुक म्हणतात. त्या नोंदीत बहुधा जातही लिहिलेली असते. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाच्या दाव्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि भूमिहीन मजुराच्या घरात असा पुरावा दुसरा कुठलाही नसतो. पणजोबाच्या जन्माची नक्कल मागायला आलेल्या मुलांना "सदर अभिलेख आगीत नष्ट झाल्याने नोंद उपलब्ध नाही" असा दाखला पुढची कितीतरी वर्षे मी माझ्या हाताने लिहून दिला. त्या दाखल्याने कोणाचेही काम होत नसे. दाखला हातात घेऊन उभे राहिलेले ते चेहरे मला आजही आठवतात, आणि या विषयाचा पाठपुरावा मी निवृत्तीनंतरही सोडलेला नाही, तो त्यांच्यामुळेच.

जगात इतरांनी हा प्रश्न कसा सोडवला हे शोधू लागले, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले की अभिलेखांच्या अग्निसुरक्षेचा जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या आगीनंतर लिहिलेला आहे. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनचे संसदभवन जळाले. त्याचे कारण होते जुन्या हिशेबाच्या लाकडी खाचकाठ्या. निरुपयोगी झालेल्या या काठ्या उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्टीत दिवसभर जाळल्या जात होत्या. हाउस ऑफ कॉमन्सचे बरेच दस्तऐवज त्या आगीत गेले. उमरावांच्या सभागृहाचे दप्तर मात्र रस्त्यापलीकडच्या ज्वेल टॉवर नावाच्या जुन्या दगडी मनोऱ्यात असल्यामुळे वाचले. १८३८ मध्ये तिथे सार्वजनिक अभिलेखांचा कायदा झाला आणि १८५१ पासून लंडनच्या चॅन्सरी लेनमध्ये जेम्स पेनेथॉर्न यांच्या आराखड्याप्रमाणे अभिलेखांसाठी खास इमारत उभी राहू लागली. लोखंडी तुळया, विटांच्या कमानी, एकमेकींपासून तोडलेल्या लहान लहान खोल्या आणि लाकडाऐवजी स्लेटच्या पाट्यांचे कप्पे अशी तिची रचना होती. बाहेरची आग आत येऊ नये आणि एका खोलीची आग दुसरीत जाऊ नये, हा तिच्यामागचा विचार होता.

हा विचार चुकीचा नव्हता, पण त्याने खोलीच्या आत काय आहे याकडे दुर्लक्ष केले. आमच्याकडच्या इंग्रजी अमदानीतल्या इमारतींनाही तेच लागू पडते. जाड भिंती, उंच छत आणि लोखंडी गज पाहिले की आपल्याला सुरक्षित वाटते. आमच्या कक्षाची नऊ इंची विटांची भिंत आगीपुढे चार तास सहज उभी राहिली असती. दार मात्र सागवानी फळ्यांचे होते, वर हवेसाठी उघडा झरोका होता, आणि आगीची सुरुवात भिंतीच्या आतूनच झाली होती.

१० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीच्या तळघरात लागलेली आग या बाबतीत फार शिकवणारी आहे. त्या तळघरात अग्निरोधक समजला जाणारा एक भक्कम कक्ष होता. पण १८९० च्या जनगणनेची मूळ पत्रके त्या कक्षाच्या बाहेर रचून ठेवलेली होती. त्यांपैकी साधारण पाव भाग जळाला, आणि उरलेल्यातला निम्मा पाण्याने व धुराने खराब झाला, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. भक्कम कक्षाच्या आत ठेवलेल्या दप्तरालाही दारातल्या फुटक्या काचेतून पाणी लागले. वाचलेली पत्रके सांभाळण्याऐवजी काही वर्षांनी ती नष्ट करण्याला मंजुरी मिळाली, आणि सहा कोटींहून अधिक लोकांच्या त्या गणनेतली आज सहा हजारांहून थोडी अधिक नावे शिल्लक आहेत. आगीने नेले त्याहून जास्त आगीनंतरच्या निष्काळजीपणाने नेले, असे मी म्हणते, कारण आमच्याकडेही तेच घडू पाहत होते. भिजलेले बस्ते "निरुपयोगी" म्हणून निर्लेखित करावेत, असा तोंडी आदेश वरून आला होता. आम्ही तिघांनी लेखी आदेश येईपर्यंत थांबायचे ठरवले आणि तेवढ्या वेळात व्हरांड्यात दोऱ्या बांधून, पंखे लावून तीन आठवडे पाने वाळवली. लेखी आदेश कधीच आला नाही, आणि भिजलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दप्तर आजही वाचता येते.

वॉशिंग्टनच्या त्या आगीनंतरच्या दशकात तिथल्याच राष्ट्रीय मानक संस्थेतील सायमन इंगबर्ग यांनी जे काम केले, ते या सगळ्या इतिहासातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी प्रयोगासाठी खोल्या बांधल्या, त्यांत कार्यालयासारखी टेबले, कपाटे आणि कागद मांडले आणि त्या पेटवून दिल्या. किती इंधन असले की किती वेळ किती तापमान राहते, हे त्यांनी मोजले आणि १९२८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटावर दहा पौंड, म्हणजे साधारण साडेचार किलो, लाकूड किंवा कागद असेल तर ती आग प्रमाणित चाचणीतल्या एका तासाच्या आगीइतकी तीव्र धरावी, वीस पौंड असेल तर दोन तास आणि चाळीस पौंड असेल तर साडेचार तास, असे ते कोष्टक होते. खोलीतल्या सामानाला "अग्निभार" म्हणून मोजण्याची पद्धत तिथून रूढ झाली. भिंत किती जाड असावी हे आत काय ठेवले आहे यावरून ठरवायचे, हा विचार आज साधा वाटतो, पण तो कोणीतरी खोल्या जाळून सिद्ध करावा लागला.

मी आमच्या कक्षाचे गणित या कोष्टकावर मांडून पाहिले. बारा फूट बाय पंधरा फुटांची खोली, त्यात सुमारे बाराशे बस्ते, आणि एक बस्ता सरासरी पाच किलोंचा. म्हणजे सहा टन कागद १८० चौरस फुटांवर रचलेला होता, प्रत्येक चौरस फुटावर तेहतीस किलोंहून थोडा अधिक. इंगबर्ग यांच्या कोष्टकातल्या साडेचार तासांच्या आगीसाठी अठरा किलो पुरतात. घट्ट बांधलेला बस्ता सुट्या कागदाइतका झपाट्याने जळत नाही हे खरे, पण ज्या खोलीला आम्ही दप्तर म्हणत होतो ती प्रत्यक्षात इंधनाची कोठी होती, हे हा हिशेब केल्यावरच मला उमगले.

लोखंडी कपाटाबद्दलही आपला असाच एक गोड गैरसमज आहे. साधे पत्र्याचे कपाट आगीत काही मिनिटांत तापते आणि आतला कागद भट्टीतल्या भाकरीसारखा करपतो. कागद साधारण २३० अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेतो, म्हणून अग्निरोधक तिजोऱ्यांच्या अमेरिकी चाचणीत कागदासाठी आतले तापमान १७७ अंशांच्या वर जाता कामा नये, अशी मर्यादा आहे. चुंबकीय फिती आणि फिल्मसाठी ती मर्यादा ६६ अंश, आणि जुन्या फ्लॉपीसारख्या वस्तूंसाठी ५२ अंश, तीही आर्द्रतेच्या अटीसह. कागदासाठी घेतलेल्या तिजोरीत हार्ड डिस्क ठेवून निश्चिंत राहणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. तिजोरी आगीतून वाचली तरी ती पूर्ण थंड होईपर्यंत उघडायची नसते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आगीनंतर बँकांना आपल्या तिजोऱ्या थंड होण्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागले होते. आमच्या कोतवालाने तळहात ठेवून जे ओळखले, ते हेच.

यानंतर वाद सुरू झाला तो पाण्याचा. छताला बसवलेले आणि उष्णतेने आपोआप उघडणारे फवारे एकोणिसाव्या शतकापासून गिरण्यांमध्ये होते. हेन्री पार्मली यांचे एकस्व (पेटंट) १८७४ चे आहे आणि फ्रेडरिक ग्रिनेल यांची सुधारणा १८८१ ची. पण दप्तरखान्यात पाण्याची नळी आणायला अभिलेखपाल तयार नसत, कारण कागदाचा शत्रू पाणी, हे प्रत्येकाच्या मनात पक्के होते. सेंट लुईसजवळ १९५६ मध्ये उभारलेल्या अमेरिकेच्या लष्करी सेवापुस्तकांच्या प्रचंड सहा मजली केंद्रात याच भीतीने फवारे बसवले गेले नाहीत. मजल्यांवर आग अडवणाऱ्या आडव्या भिंतीही नव्हत्या. १२ जुलै १९७३ च्या मध्यरात्रीनंतर सहाव्या मजल्यावर आग लागली. ती आटोक्यात यायला बावीस तास लागले आणि पूर्ण विझायला चार दिवसांहून अधिक. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवापुस्तके गेली, आणि त्यांची दुसरी प्रत किंवा सूक्ष्मफीत कुठेही नव्हती. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या सैनिकांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांचे अभिलेख नाहीसे झाले. निवृत्तिवेतनासाठी पुरावा मागणाऱ्या सैनिकांना तिथेही "नोंद उपलब्ध नाही" असेच उत्तर मिळाले असेल. हे वाचताना मला आमच्या खिडकीपुढची रांग आठवली.

गंमत अशी, की पाण्याला घाबरून फवारे टाळले तरी पाणी चुकलेच नाही. आग विझवणाऱ्यांनी कित्येक दिवस सहाव्या मजल्यावर ओतलेले पाणी खालच्या मजल्यांवर झिरपले आणि लाखो फायली चिंब झाल्या. पण त्या फायली टाकून दिल्या गेल्या नाहीत. बुरशी येऊ नये म्हणून त्यांच्यावर औषध फवारले गेले, आणि अंतराळयानांच्या चाचणीसाठी बांधलेल्या निर्वात कक्षात ठेवून त्या वाळवल्या गेल्या. पूर्ण जळालेल्या फायलींचे मात्र काहीच करता आले नाही. या अनुभवानंतर फवाऱ्यांविषयीचे मत पालटत गेले. एक फवारा मिनिटाला साधारण शंभर लिटरच्या आसपास पाणी सोडतो आणि आग जिथे आहे तिथलाच उघडतो. सगळे फवारे एकदम सुरू होतात ही चित्रपटांनी पसरवलेली समजूत आहे. बंबाच्या नळीतून त्याच्या कितीतरी पट पाणी येते, आणि तेही आग मोठी झाल्यावर. अमेरिकी शासनाने पुढे अभिलेख केंद्रांसाठी जो नियम केला, त्यात भिंतींच्या तासांबरोबर नुकसानीची मर्यादाही लिहिली आहे: एका आगीत ३०० घनफुटांहून अधिक अभिलेख नष्ट होऊ नयेत, अशी यंत्रणा असली पाहिजे. भिंतीची जाडी सांगणाऱ्या नियमापासून किती कागद गमावणे सहन करायचे हे सांगणाऱ्या नियमापर्यंतचा हा प्रवास मला फार मोठा वाटतो.

मधल्या काळात आग विझवणाऱ्या वायूंचाही प्रयोग झाला. कागद भिजवत नाही म्हणून हॅलॉन वायू लोकप्रिय झाला होता, पण १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनच्या थराला घातक म्हणून त्याची गच्छंती ठरली. शिवाय वायू ज्वाला मारतो, पण बस्त्याच्या पोटातला इस्तो थंड करत नाही. खोली बराच वेळ हवाबंद राहिली नाही तर आग पुन्हा उठते. झरोके असलेल्या आमच्यासारख्या इमारतींत तो निरुपयोगीच ठरला असता. ब्रिटनने १९७७ मध्ये अभिलेख साठवणुकीचे पहिले मानक काढले, त्याच्या २००० च्या आवृत्तीत कक्षाला चार तासांची अग्निरोधकता सांगितली होती, आणि २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही आले.

आपल्याकडेही कागदावर कमी नाही. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० ची, आणि तिच्या चौथ्या भागात अग्निसुरक्षा आहे. भारतीय मानक ११४६० हे १९८५ पासून केवळ ग्रंथालये व अभिलेखागारे यांच्या अग्निसुरक्षेसाठी आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा असून तो डिसेंबर २००८ मध्ये लागू झाला. त्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक अभिकरणाकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यायचे असते. तरीही २१ जून २०१२ रोजी मंत्रालय चौथ्या मजल्यापासून वर जळाले आणि पाच माणसे गेली. राज्याच्या मुख्य इमारतीची ही गत, तर ज्या तालुक्याला बंब यायला तास लागतो तिथल्या कक्षाने स्वतःच स्वतःचे रक्षण करायला हवे, हे उघड आहे. आमच्या भिंतीवरच्या सिलिंडरवरची मुदत आगीच्या दिवशी चार वर्षांपूर्वी उलटलेली होती.

एक गोष्ट विदर्भातल्या माणसाने खास लक्षात ठेवावी, कारण ती आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. फवाऱ्याच्या तोंडाशी रंगीत द्रव भरलेली काचेची नळी असते आणि ती ठरावीक तापमानाला फुटते. सर्रास बसवली जाणारी लाल नळी ६८ अंशांना फुटते, पण ती जिथे छताजवळचे तापमान ३८ अंशांच्या वर जात नाही अशा जागेसाठी असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. टिनाखालच्या किंवा उघड्या स्लॅबखालच्या खोलीत छताजवळ काय असेल याची कल्पना करावी. अशा ठिकाणी ७९ अंशांची पिवळी नळी मागून घ्यावी.

निवृत्त होऊन मी गावी आले, तेव्हा ग्रामपंचायत आणि सेवा सहकारी सोसायटी यांनी मिळून एक सामाईक दप्तर खोली करायचे ठरवले, आणि ते काम माझ्याकडे आले. मी सुरुवात कागद कमी करण्यापासून केली, कारण इंगबर्ग यांच्या हिशेबात सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे. कागद किती काळ जपायचा हे ठरवणाऱ्या अ, ब, क, ड या वर्गवारीत अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा आणि ड वर्ग एका वर्षाचा असतो, हे सगळ्यांना पाठ आहे, पण मुदत संपलेला ड वर्ग रीतसर बाहेर काढायचे काम कोणी करत नाही. आम्ही ते चार महिने केले आणि खोलीतला जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामा झाला. मांडण्या लोखंडी केल्या, सर्वांत वरचा बस्ता आणि छत यांत दीड फूट मोकळे ठेवले, वायरिंग पाइपातून घेतले, मेन स्विच दाराबाहेर आणला आणि संध्याकाळी तो पाडल्याची सही रोज वहीत घ्यायला सुरुवात केली. अ वर्गाची छायाप्रत जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवली आहे.

राहिला होता तो फवाऱ्यांचा प्रश्न. गावाची पाण्याची टाकी खोलीपासून चाळीस पावलांवर आहे, आणि तिच्या उंचीचा दाब पुरेल का हे परवानाधारक अभिकरणाचा अभियंता येऊन तपासणार आहे. मासिक सभेत सरपंचांनी अपेक्षित तोच प्रश्न विचारला, "ताई, पाणी पडलं तर कागद भिजतील ना?" मी उत्तर देण्याऐवजी पिशवीतून एक रजिस्टर काढले. मुदत संपलेल्या ड वर्गातले ते रजिस्टर मी घरच्या टपात रात्रभर बुडवून ठेवले होते आणि नंतर ओसरीवर, सावलीत, पानांमध्ये जुनी वर्तमानपत्रे घालून नऊ दिवस वाळवले होते. पाने चुरगळली होती, शाईपेनाच्या नोंदी पसरल्या होत्या, पण बॉलपेनच्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा होत्या. ते रजिस्टर हातोहात फिरले. सचिवांनी मधलेच एक पान उघडून नळपट्टीच्या थकबाकीची नावे मोठ्याने वाचली, सातवे नाव उपसरपंचांच्या वडिलांचे निघाले, आणि यापुढे दप्तरात शाईपेन वापरायचा नाही असा ठराव त्याच सभेत लिहिला गेला.